सुटं गाणं

८ मार्च १९४३

फोन युलालीबाईंनी घेतला. घर त्यांचं, फोनही त्यांचा. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "टिब्स भगिनी, स्टुडिओ आहे." माझे अर्धे केस तापवलेल्या कंगव्याने सरळ झाले होते, अर्धे व्हायचे होते. तशीच खाली गेले.

बुधवारी बोलावलं आहे. रंगमंचावर गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या दोन बहिणींचं चित्र निघतंय. बहिणी गोऱ्या. त्यात आम्हा दोघी काळ्या बहिणींसाठी काहीतरी आहे. काय ते फोनवर सांगितलं नाही.

कॉरी नाचाच्या बुटांच्या तळाला पत्र्या ठोकत बसली होती. तिला सांगितलं.

"दोघींना की एकीला?"

"दोघींना."

"मग ठीक," म्हणाली आणि पुन्हा ठोकायला लागली.

अकरा वर्षं आम्ही दोघी गातो, नाचतो. तंबूंत, कापसाच्या गोदामांत, शिकागोपासून इथे कॅलिफोर्नियापर्यंतच्या नाट्यगृहांत. मी तेहेतीस, कॉरी सत्तावीस. चित्रात अजून कोणी घेतलं नव्हतं. म्हणून ही वही.

१० मार्च

नृत्यं बसवणारे गृहस्थ फेल्ड. बारीक, सभ्य. आम्ही आत गेलो तेव्हा उठून उभे राहिले. कॉरीने माझ्याकडे पाहिलं.

ते म्हणाले, "माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एकच देता येईल."

पहिली गोष्ट म्हणजे पर्ल. नायिकांच्या रंगपटातली मोलकरीण. कपडे चढवते, बटणं लावते, अधूनमधून शहाणपणाचं बोलते. सात प्रसंग आहेत. ते मला, आणि कॉरीला पर्लच्या मागे काहीतरी धरून उभं राहण्याचं काम. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, आमची आई चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुलीपाशी उभी राहिली. आम्ही गातो.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मला वाटलंच होतं. मग दुसरी." दुसरी गोष्ट म्हणजे एक गाणं. साडेतीन मिनिटांचं, क्लबमधलं, आम्हा दोघींचं. "त्यात तुमच्याशिवाय कोणी नसेल. नायिका नाहीत, नायक नाही. पूर्ण पडदा तुमचा."

बाहेर आल्यावर मी कॉरीचा हात धरला. तिने धरू दिला.

"पूर्ण पडदा," मी म्हणाले.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

११ मार्च

युलालीबाईंनी जेवायला बोलावलं. चवळी आणि मक्याचा पाव. त्या बावन्न वर्षांच्या आहेत आणि तीस-एक चित्रांत मोलकरीण झाल्या आहेत. मी सगळं सांगितलं.

"पूर्ण पडदा तुमचा, असं म्हणाला?"

"हो."

"गाण्याआधी काय होतं?"

"बहिणी क्लबमध्ये येतात. टेबल मागतात."

"आणि गाण्यानंतर?"

"मग त्यांचं भांडण होतं. कुठल्यातरी मुलावरून."

"तुमच्या गाण्याबद्दल काही बोलतात त्या?"

"नाही. कशाला बोलतील?"

त्यांनी मान हलवली. "मीठ दे इकडे," म्हणाल्या.

त्यांना वाईट वाटलं असेल. तीस चित्रांत त्यांना कोणी गायला सांगितलं नाही.

१९ मार्च

पर्लचं काम युलालीबाईंना मिळालं. सांगताना जिन्यावर उभ्या होत्या, हातात केरसुणी.

"तू सोडलंस म्हणून घेतलं. मनात काही नाही ना?"

"छे, काय असणार?"

"नाहीतरी मी झाडतेच आहे. तिथे निदान झाडू नवा देतात." मग हसल्या. मीही हसले.

२१ मार्च, रविवार

बाबांना पत्र लिहायला बसले आणि उठले.

बाबा मिसिसिपीत हॅडली गावी असतात. तिथल्या आपल्या चर्चचे ते कारभारी. बत्तीस साली मी तंबूवाल्यांबरोबर निघाले आणि सोळा वर्षांच्या कॉरीला सोबत घेतलं. त्या रविवारी त्यांनी उभं राहून आम्हा दोघींची नावं चर्चच्या यादीतून काढायला लावली. ठराव त्यांनीच मांडला. अडतीस साली आई गेली. तार तीन गावं आमच्या मागे फिरून नऊ दिवसांनी हातात आली. मग बाबांचं पत्र, एका ओळीचं: तिने वाट पाहिली. त्यानंतर काही नाही.

त्यांना वाटतं, गाणं ही सांगायची गोष्ट आहे आणि आम्ही प्रत्यक्षात दुसरंच काही करतो. त्यांच्यावर तरी काय रागवायचं. त्यांनी आम्हाला कधी पाहिलंच नाही. हॅडलीत आम्हाला कुठल्या रंगमंचावर उभं करणार? पण चित्र तिथे जाईल. चित्र सगळीकडे जातं. एकदा त्यांनी आम्हाला काम करताना बघावं, बस. मग नाव घालायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

लिहिलं नाही. आधी चित्र होऊ दे.

१४ एप्रिल

आज गाणं मुद्रित झालं. इथे आधी आवाज घेतात. चित्रण महिन्याने. तेव्हा हाच आवाज कर्ण्यातून लावतील आणि आम्ही ओठ हलवायचे. म्हणजे आजची चूक कायमची. कॉरीने वरची पट्टी अशी धरली की वादकांतला एक जण वाजवायचं विसरला. त्यामुळे पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी तिने तितकं लावलं नाही. तेच ठेवलं.

११ मे

चित्रण, दिवस पहिला. रंगवणाऱ्याने कॉरीचा चेहरा धरून उजेडाकडे वळवला. "ही कॅमेऱ्यात गोरी दिसेल," असं त्याच्या माणसाला म्हणाला. तिच्याशी बोलला नाही. मग दोन छटा गडद केलं. मला तसंच ठेवलं.

"ताई, आता कशी दिसते?"

"माझ्यासारखी."

"म्हणजे चाललं."

फरशीवर खडूची एक रेघ आहे. तिच्या पुढे यायचं नाही. पुढे क्लबची टेबलं आहेत, ती रिकामी. बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी वेगळी घेणार. रिकाम्या खुर्च्यांना हसून दाखवायची आम्हाला सवय आहे. ओमाहात एकदा हिमवादळात चारच माणसं आली होती.

१२ मे

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

मिस हॅस्केल आज बघायला आल्या. दोन नायिकांतल्या त्या थोरल्या. गेल्या आठवड्यात तालमीच्या खोलीत त्यांनी कॉरीकडून एक पदन्यास शिकून घेतला होता. तेव्हापासून भेटल्या की हसतात. कॅमेऱ्याशेजारी उभ्या होत्या.

दुसऱ्या खेपेला, शेवटच्या कडव्यात, कॉरी रेघ ओलांडून गेली. मी ओठ हलवत राहिले, पाय चालू ठेवले. ती टेबलांमधून नाचत थेट मिस हॅस्केलपाशी गेली आणि हात धरून त्यांना आत ओढून आणलं. त्या हसल्या आणि आल्या. तिघी एका रांगेत, तोच पदन्यास. वर झोतांपाशी बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

फेल्डही हसत होते. "सुंदर," म्हणाले. "ते ठेवून देऊ. आता पुन्हा एकदा, आधीसारखं."

रंगपटात मी कॉरीला बोलले. बरंच बोलले. "अकरा वर्षांनी दार उघडलंय आणि तुला लगेच कोचावर बसायचंय. पूर्ण पडदा दिला त्यांनी, तरी पुरेना."

ती गडद रंग पुसत होती. फडकं तपकिरी होत गेलं.

"बाई माझ्याबरोबर असती तर तिला काढता आलं नसतं," ती म्हणाली.

"कशातून काढता आलं नसतं?"

ती पुसतच राहिली. मिस हॅस्केलचा तिला लोभ वाटतोय की काय, कळत नाही. आपण अशा मैत्रीला भुलू नये, हे तिला कितीदा सांगितलंय.

२ जून

आमचा राहिलेला पोशाख परत द्यायला गेले होते. चित्राचे तुकडे जोडतात त्या खोलीवरून जाताना फेल्डनी आत बोलावलं. जोडणारा म्हातारा डोळ्यांवर हिरवी झापड लावून बसला होता. त्याने आमचं गाणं छोट्या काचेवर चालवून दाखवलं. मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. कोपर फार बाहेर काढते मी.

"सुरुवातीला पडदा उघडतो, शेवटी पडदा पडतो," म्हातारा म्हणाला. "आधीचं त्यात येत नाही, त्यातलं पुढे जात नाही. दोन्ही टोकं स्वच्छ. अशी कामं आली की बरं वाटतं."

मी त्याचे आभार मानले. कॉरीने ओढलेली ती खेप मागावी असं मनात आलं, पण नाही मागितली.

७ डिसेंबर

मधे सहा महिने. कॅन्सस, डेन्व्हर, सैनिकांच्या छावण्या. साखर नाही, टायर नाहीत, गाड्यांत उभ्याने.

काल सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या थिएटरात चित्र लागलं. आम्ही तिघी गेलो. आपल्याच वस्तीतलं थिएटर, म्हणून वर गॅलरीत न जाता खालीच बसलो. युलालीबाई पहिल्या प्रसंगात आल्या तेव्हा लोक म्हणाले, "आली बाई." नेहमीची माणसं आहेत. मग क्लब आला, टेबल मागून झालं, पडदा उघडला आणि आम्ही दोघी. थिएटरभर पायांचा आवाज. शिट्ट्या. मागून एक बाई म्हणाली, "ह्या दोघी बहिणी, आमच्या गल्लीत राहतात." राहत नसावी ती आमच्या गल्लीत.

कॉरी रडली. मला वाटलं आनंदाने.

"आता बाबांना लिहिते," मी म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"तिथे ना, ताई..." ती थांबली. युलालीबाई पाकिटात रुमाल शोधत होत्या. बराच वेळ शोधत होत्या.

"तुझा राग अजून गेला नाही," मी कॉरीला म्हणाले. "माझा गेला."

८ डिसेंबर

लिहिलं. चार पानं. आम्ही दोघी आहोत, एक गाणं आहे, अंगभर पोशाख आहे, खोटं वाटत असेल तर स्वतः बघा. टपालात टाकून आले.

२० जानेवारी १९४४

हॅडलीहून पत्र. अक्षर लव्ही टेटचं, ती चर्चचं लिहिण्याचं काम करते. बाबा सांगतात, ती लिहिते.

ते जाणार आहेत. एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, चित्र बघायला. पाद्रीसाहेबांनी एकवेळची मुभा दिली आहे आणि मंडळींपैकी पुष्कळ जण सोबत निघालेत. चित्र तिथे १८ फेब्रुवारीला, शुक्रवारी येतंय. पत्राच्या शेवटी: "मी बघेन. मग बोलेन."

तीन वेळा वाचलं. कॉरीला वाचून दाखवलं. ती खिडकीत उभी होती. म्हणाली, "किती जण जाणार म्हणाले?"

"पुष्कळ, एवढंच लिहिलंय."

"अरे देवा," ती म्हणाली, अगदी हळू.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

युलालीबाईंचा भाचा लुइझियानात सैन्याच्या छावणीत आहे. त्याचं पत्र आलं. त्या स्वयंपाकघरात वाचत होत्या आणि मधेच थांबल्या. मी पुढे वाचा म्हटलं. वाचेनात. मी हात पुढे केला.

त्याने लिहिलंय: "मावशी, गावातल्या थिएटरात तुझं चित्र बघितलं. तू आलीस तेव्हा आम्ही वर गॅलरीत एवढा दंगा केला की खालचे गोरे माना वळवून बघायला लागले. पण तू त्या टिब्स भगिनींचं लिहिलं होतंस, त्या कुठे होत्या? बाया क्लबात जातात, टेबल मागतात आणि लगेच भांडतात. मला वाटलं मला डुलकी लागली. पोरांना विचारलं, त्यांनीही काही बघितलं नाही."

मी पत्र टेबलावर ठेवलं. कॉरी दारात होती.

"दक्षिणेत काढून टाकतात," युलालीबाई म्हणाल्या. "आपलं माणूस गोऱ्यांना कॉफी देत असेल तर राहतं. आपल्यापुरतं गात असेल तर काढतात."

"तुम्हाला माहीत होतं."

"मीठ मागितलं ना मी तेव्हा. काय बोलणार होते? तू इतकी खुश होतीस."

मी कॉरीकडे वळले. "आणि तुला?"

"मे महिन्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारत नव्हतीस, ताई. तू सांगत होतीस."

शुक्रवार तीन दिवसांवर आहे.

१६ फेब्रुवारी

फेल्डना भेटायला गेले. दीड तास बसवलं, मग स्वतः बाहेर आले आणि हात मिळवला. मी विचारलं, हॅडलीला पूर्ण प्रत पाठवता येईल का. एकाच गावाला. एकाच दिवसासाठी.

"मिस टिब्स, आम्ही कापत नाही. तिकडचे लोक कापतात."

"पण ते गाणं तसं बनवलंत तुम्ही. स्वच्छ."

"आम्ही फक्त त्यांना सोपं जाईल एवढं बघतो. नाहीतर ते पूर्ण चित्रच घेत नाहीत. आणि मग तुम्हाला गाणं देताच येणार नाही." मग म्हणाले, "मला ते आवडत नाही. तुम्हाला खोटं वाटेल."

खोटं वाटलं नाही. त्यांना खरंच आवडत नसावं. त्याने काय होतं?

निघताना विचारलं, "पर्लचं काम घेतलं असतं तर?"

"पर्लला कोण काढणार? तिच्याशिवाय नायिकांना कपडे कसे चढतील?"

हे त्यांनी विनोदाने म्हटलं नाही.

१७ फेब्रुवारी

पत्र पाच दिवसांनी पोचतं. बाबांच्या वस्तीत फोन नाही. उरली तार.

तारघरात गेले. कॉरी सोबत आली. कागद घेतला. लिहिलं, "चित्र बघायला जाऊ नका." कॉरीने वाचलं. "ते विचारतील का. आणि सगळी मंडळी विचारतील."

लिहिलं, "आमचं गाणं तिकडे काढून टाकलं आहे."

"हॅडलीचा तारवाला कोण आहे, आठवतंय का? तो आधी वाचेल. दुपारपर्यंत थिएटरवाला वाचेल. कारभारी टिब्सच्या पोरी कॅलिफोर्नियातून आपल्याला जाब विचारतात, असं होईल. आपण इथे आहोत. ते तिथे आहेत."

लिहिलं, "चित्र चांगलं नाही." तेही फाडलं. बाबा म्हणतील, चांगलं नाही तर त्यात गेलीस कशाला?

चौथ्या कागदावर फक्त पत्ता लिहून झाला. खिडकीतल्या बाईने विचारलं, "पाठवायची आहे का?" मागे रांग होती.

पाठवली नाही.

येताना कॉरीने विचारलं, "त्यांना काय वाटेल सांग."  तिला माहीत आहे. ते सगळ्या मंडळींना घेऊन अंधारात बसतील, शेवटपर्यंत वाट बघतील, आणि दिवे लागतील.

१८ फेब्रुवारी

तिथे आपल्यापेक्षा दोन तास पुढे. चारला मी भांडी घासायला घेतली. युलालीबाईंनी घासलेली होती, ती पुन्हा घासली. सहाला कॉरी म्हणाली, "झालं असेल."

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२२ फेब्रुवारी

काही नाही. कॉरी लाँग बीचच्या क्लबात एकटीच नाचायला जायचं म्हणते. एकटीला बोलावलंय. मी जा म्हटलं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

पत्र आलं. लव्हीचं अक्षर. पूर्ण उतरवून ठेवते, कारण मला ते पुन्हा पुन्हा उघडायचं नाही.

"ओझेला,

आम्ही बेचाळीस जण गेलो. मागच्या जिन्याने वर चढायचं असतं, दोन ठिकाणी थांबलो. वर अगदी मागे जागा मिळाली. तिथून माणसं लहान दिसतात.

मी तुला लगेच ओळखलं. तू त्या बाईंचा निळा झगा घेऊन आलीस. आईसारखी भरली आहेस. चालतेस पण तिच्यासारखी. लव्हीला विचारलं, ही माझी थोरली ना? ती म्हणाली, हो. मग मी मंडळींना विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. कोणी एक शब्द वेगळा बोललं नाही.

तू खाली वाकून त्या बाईंच्या मानेमागचं बटण लावलंस आणि त्यांना धीर दिलास. फार चांगलं बोललीस. आवाज बदलला आहे, पण बोलणं आपल्या घरचं आहे. शेवटच्या प्रसंगात त्या रडत होत्या तेव्हा तूच जवळ होतीस.

तू गाण्याचं लिहिलं होतंस. ते आलं नाही. शेवटपर्यंत मला त्याची धास्ती होती. मंडळींसमोर ते बघायला लागलं नाही, ही देवाची कृपा. तू लाज वाटून लिहिलं नसशील की तू त्या बायांकडे काम करतेस. कामात लाज नाही. तुझ्या आईने आयुष्यभर तेच केलं.

परवाच्या रविवारी मी उभा राहिलो आणि तुझं नाव यादीत परत घालायला सांगितलं. सर्वांनी हात वर केले.

कॉरिन दिसली नाही. तिचं नाव घातलेलं नाही. ती काय करते ते कळव. तू तिला नेलंस, तूच तिला परत आण.

त्या बाया तुला नीट वागवतात का?

तुझा बाप"

खाली लव्हीने पेन्सिलीने तिचं स्वतःचं एक वाक्य लिहिलंय: "गाण्याचे शब्द मला वेगळ्या पाकिटातून पाठव." तिला कशाला हवेत, कळलं नाही.

जेवणाच्या टेबलाशी मी मोठ्याने वाचलं. युलालीबाई ऐकत होत्या. 

मग त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आणि दुप्पट जाड. बापाला चष्मा पाठव." पण हसल्या नाहीत. "ते बटण तीनदा लावायला लागलं. त्या दिवशी माझी बोटं सुजली होती."

"मी खरं लिहिते," मी म्हणाले.

"काय लिहिशील?" कॉरी म्हणाली. "की ती बाई युलालीबाई आहेत, आणि आम्ही होतो, पण आम्हाला काढलं? ते यादीतून तुझं नाव पुन्हा काढतील, तेही बेचाळीस जणांसमोर. कशासाठी? त्यांनी न बघितलेल्या गाण्यासाठी?"

"मग तुझं काय?"

"माझं नाव आत्ताही नाहीच आहे."

"कॉरी, असं कसं..."

"तू मला नेलंस असं त्यांना वाटतं. मी तेव्हा खिडकीतून उडी मारून तुझ्या आधी रस्त्यावर आले होते. ते त्यांना लिहून बघ, विश्वास ठेवतात का."

युलालीबाईंनी ताटं उचलली.

२७ फेब्रुवारी, रविवार

पाच कागद गेले. पहिल्यात खरं होतं, पूर्ण. वाचून बघितलं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक वाक्यात ते त्या जिन्यावरून पुन्हा खाली उतरत होते. दुसऱ्यात अर्धं खरं होतं. तिसऱ्यात फक्त माझं, कॉरीचं नाही. तो मीच फाडला.

दुपारी कॉरी माझ्यासमोर येऊन बसली. संध्याकाळी तिला लाँग बीचला निघायचं होतं, पेटी दारात होती.

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते."

मी लिहिलं: बाबा, तुमचं पत्र मिळालं. त्या बाया मला नीट वागवतात.

"पुढे?"

"पुढे मला येत नाही, कॉरी."

तिने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग सांगितलं, आणि मी उतरवून घेतलं: कॉरिनही त्याच कामावर आहे. ती मागच्या खोलीत असते, म्हणून दिसली नाही. तो निळा झगा तिनेच इस्त्री केला होता.

मी वाचून दाखवलं.

"'नीट' घाल," ती म्हणाली. "नीट इस्त्री केला होता."

मी 'नीट' घातलं.